कुकडीने कोरलेले दगडी रांजण

धाराशिव : शहरालगतच्या बालाघाट डोंगरातील धाराशिव लेणी माणसाने छिन्नीने कोरली. ज्या लाव्ह्यापासून हा डोंगर घडला, त्याच दख्खनच्या कातळावर निव्वळ पाण्याने केलेले कोरीवकाम पाहावयाचे असेल, तर अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील निघोज गाठावे लागते.

पारनेर तालुक्यातील हे गाव कुकडी नदीच्या काठी वसले आहे. पलीकडच्या तीरावर पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुका सुरू होतो. गावापासून थोड्या अंतरावरील ‘कुंड’ या ठिकाणी नदीचे पात्र अचानक अरुंद होते आणि काळ्या कातळात रांजणाच्या आकाराचे असंख्य खड्डे दिसू लागतात. हेच शालेय भूगोलातून परिचित झालेले रांजणखळगे. दोन्ही तीरांवर मळगंगा देवीची मंदिरे असून, चैत्रात निघोजला देवीची मोठी यात्रा भरते.

हे खळगे घडले कसे? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून येथील बेसॉल्ट तयार झाला. या खडकातील भेगा आणि खोलगट जागांत पुराच्या पाण्याचे भोवरे निर्माण होतात. प्रवाहाबरोबर आलेले दगडगोटे त्यात अडकतात आणि जात्याप्रमाणे गरगर फिरत कातळ घासत राहतात. हजारो वर्षांच्या या घर्षणाने खळगा खोल होत जातो. शेजारच्या दोन खळग्यांमधील भिंत झिजून कोसळली की ते एकमेकांना मिळतात. पात्रातील खोल घळ अशाच जोडणीतून आकाराला येते.

याचाच अर्थ, खळग्याच्या तळाशी पडलेला गुळगुळीत गोटा हे या कोरीवकामाचे हत्यार आहे. आठवण म्हणून तो खिशात घालणारा पर्यटक नदीचे हत्यारच पळवत असतो. तर खळग्यात बाटल्या व निर्माल्य टाकणारा तिच्या कामात अडथळा आणतो. शिवाय वरच्या बाजूस माणिकडोह आणि येडगाव ही धरणे असल्याने पुराचा जोरही आता पूर्वीसारखा निसर्गाच्या स्वाधीन राहिलेला नाही.

उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर खळगे उघडे पडतात, तेव्हा ते नीट पाहता येतात. मात्र काठावरील कातळ झिजून निसरडा झालेला असतो आणि शांत दिसणाऱ्या पाण्याची खोली वरून कळत नाही. त्यामुळे ते दुरूनच पाहणे हिताचे. हजारो वर्षांचे हे काम एका पिढीच्या निष्काळजीपणाने बिघडू शकते. ते पुन्हा घडवणे मात्र कोणत्याही शासनाच्या हाती नाही.