पायातलं शिंग

आषाढीच्या आधी मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. जवळपास महिनाभर पायी! हिशेब करून बघा: किलोमीटरला साधारण 1300 पावलं धरली, तर 20 किलोमीटरच्या मजलीत एकेका पायावर 13,000 वेळा अख्ख्या देहाचा भार येतो. त्या वाटेवर चपलेचा तळ झिजतो. मग तळपाय का झिजून जात नाही?

झिजतो की! पण झिजेल तसा भरूनही निघतो. कातडीच्या बुडाशी रात्रंदिवस नव्या पेशी जन्मतात. वर सरकता सरकता त्या केराटिनने गच्च भरतात आणि वर पोचेपर्यंत मरून चपट्या होतात. पोळ्याला आपण रंगवतो ते बैलाच्या शिंगांचं वरचं कवचसुद्धा केराटिनचंच. घासणं आणि दाब वाढला की पेशी भराभर तयार होतात, थरावर थर चढतो. हाच घट्टा. आणि एकही पाऊल न टाकलेल्या, आईच्या पोटातल्या बाळाचा तळवासुद्धा बाकी कातडीपेक्षा जाड असतो. चालायची तयारी किती आधीपासून!

एवढ्या जाड तळव्याला जमीन कळत असेल का? केनियात अनवाणी चालणाऱ्यांचे पाय तपासले गेले. 2019 साली निष्कर्ष आला की त्यांच्या घट्टेदार तळव्यांना स्पर्श बूटवाल्यांइतकाच कळतो.

मग हीच ढाल बोचायला का लागते? दाब पसरलेला असला, तर थर भाकरीसारखा सपाट पसरतो. पण निमुळत्या बुटात करंगळीचा सांधा दिवसभर एकाच ठिपक्यावर दाबला गेला, की तिथला थर शंकूसारखा आत घुसतो. टोक आत, बूड वर! पाऊल टेकलं की ते टोक मज्जातंतूंवर रुततं. हे कुरूप, कुणी भोवरी म्हणतं. बाभळीचा काटा मोडलाय असं वाटून माणूस सुईने टोकरत बसतो. काटा असतोच कुठे? त्याला मूळही नसतं. काढलेलं कुरूप पुन्हा येतं, कारण बूट तोच असतो.

करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात मात्र घामाने कुरूप मऊ, पांढुरकं राहतं. तिथे बोटं कोरडी ठेवायची आणि मध्ये कापसाचा छोटा बोळा ठेवायचा.

बाकी कुरुपांसाठी कोमट पाण्यात पाय बुडवून हलक्या हाताने वजरी फिरवावी, मग खोबरेल लावावं. ब्लेड नको, बिब्बा तर मुळीच नको. तो आजूबाजूची चांगली कातडी भाजून काढतो. मधुमेह असेल, तर आम्ल लावलेल्या औषधी पट्ट्याही स्वतःहून लावू नका. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला जखम झालेली कळत नाही. सरळ डॉक्टर गाठा.

आणि आज संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, वर्तमानपत्रावर उभे राहा. पावलाभोवती पेन्सिल फिरवा. त्या आकृतीवर आपला रोजचा बूट ठेवा आणि बघा, रेघ दोन्ही बाजूंनी किती बाहेर डोकावते ते.