पिशवी कुजते म्हणजे काय होते?

दुकानातून आणलेल्या एखाद्या पिशवीवर ‘जैवविघटनशील’ असा शब्द छापलेला तुम्ही पाहिला असेल. तो वाचून आपली समजूत होते, की ही पिशवी कोठेही टाकली तरी केळीच्या सालीप्रमाणे कुजून मातीला मिळेल.

इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या इमोजन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी हे तपासले. दुकानांत मिळणाऱ्या पाच तऱ्हांच्या पिशव्या त्यांनी उघड्या हवेत, मातीत आणि समुद्रात ठेवल्या. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. उघड्यावर ९ महिन्यांतच सर्व पिशव्यांचे तुकडे पडले. पण मातीत व समुद्रात ३ वर्षांहून अधिक काळ राहिलेली ‘जैवविघटनशील’ पिशवी बाहेर काढली, तेव्हा तीत बाजार आणता येईल इतकी ती धड होती! कंपोस्ट होणारी म्हणून विकलेली पिशवी समुद्रात ३ महिन्यांत दिसेनाशी झाली. तीच मातीत २७ महिन्यांनंतरही शिल्लक होती, मात्र वजन घालताच फाटत होती. जागा बदलली की निकाल का बदलावा?

त्यासाठी कुजणे म्हणजे काय ते पाहू. जीवाणू आणि बुरशी यांना तोंड नसते. ते विकरे बाहेर सोडतात, विकरे मोठ्या रेणूचे लहान तुकडे करतात आणि ते तुकडे पेशीत शिरतात. तेथे त्यांतील काही कार्बनचा कार्बन डायॉक्साइड होतो, काहींतून नव्या पेशी घडतात. स्टार्चच्या लांब माळेत ठरावीक अंतरावर ऑक्सिजनचा दुवा असतो आणि तेथे पाणी व विकर मिळून ती तोडतात. पॉलिथिनच्या माळेत कार्बनला कार्बनच जोडलेला. सुरी लावायला सांधाच नाही.

यावर उपाय म्हणून काही पॉलिथिनमध्ये मँगनीज, कोबाल्ट यांसारख्या धातूंचे क्षार मिसळतात. ऊन आणि ऑक्सिजन मिळाला की माळा तुटतात व पिशवीचा चुरा होतो. परंतु गाळाखाली ऊन कोठून येणार? शिवाय चुरा होणे म्हणजे कुजणे नव्हे. खडूची भुकटी केली म्हणून खडू नाहीसा होतो का? युरोपीय संघाने २०२१ पासून अशा प्लॅस्टिकवर बंदी घातली, ती मला योग्य वाटते.

कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकची गोष्ट निराळी. त्यांतले एक पॉलिलॅक्टिक आम्ल. ते मक्यासारख्या पिकातील साखरेपासून, दह्यात असते त्याच लॅक्टिक आम्लामार्फत बनते. याच्या माळेत पाण्याने तुटणारे दुवे आहेत. पण सुमारे ६० अंश सेल्सिअसखाली या माळा काचेसारख्या ताठर असतात आणि दुवे तुटण्याचे काम फार मंदावते. कंपोस्टचा मोठा ढीग जीवाणूंच्या कामानेच आतून तेवढा तापतो. म्हणून प्रमाणित चाचणी ५८ अंशांच्या आसपास घेतात, आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायॉक्साइड व्हावा अशी अपेक्षा असते. परसातला खड्डा सहसा इतका तापत नाही. गटार तर नाहीच. आपल्याकडे २०१६ च्या नियमांत अशा पिशव्यांना जाडीच्या अटीतून सूट मिळाली, त्यामुळे त्या दुकानांत दिसतात. मात्र तापलेला ढीग पिशवीबरोबर मिळत नाही!

शाळेत हे पाहता येईल. पिशवीच्या पट्ट्या वजन करून, नायलॉनच्या जाळीत बांधून ओल्या मातीच्या कुंडीत पुरा. सोबत साधे पॉलिथिन आणि वर्तमानपत्राचा कागदही ठेवा. दर महिन्याला काढून, धुऊन, वाळवून पुन्हा वजन करा. शिक्षकांनी एक ध्यानात ठेवावे : वजन घटले तरी बारीक कण जाळीतून निसटले असतील. खात्री करायची तर दोन घट्ट बंद बरण्या घ्या. एकीत ओली माती व पट्ट्या, दुसरीत तेवढीच नुसती माती, आणि दोहोंत चुन्याच्या निवळीची एकेक वाटी. माती स्वतःही कार्बन डायॉक्साइड सोडते, तेव्हा दुसरी बरणी वगळू नका. पहिलीतली निवळी पुन्हापुन्हा लवकर गढूळ झाली, तरच पिशवी खरोखर कुजते आहे असे म्हणता येईल.