जुन्या जिप्सीचे निदान

सन १९८५ मध्ये मारुतीने जिप्सी बाजारात आणली, १९९६ मध्ये तिला सुमारे १३०० सीसीचे अधिक समर्थ एंजिन लाभले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. परंतु पेंचच्या सिल्लारीपासून ताडोब्याच्या मोहर्लीपर्यंत, नागपूरकर ज्या अरण्यांत वाघ पाहावयास जातात तेथे ही गाडी अजून राबते आहे. भक्कम चॅसी, चारही चाकांवर पाटे, आणि दांडा ओढला तरच पुढच्या चाकांना जोर देणारी ट्रान्स्फर केस, अशी तिची रचना उघडी व सरळ असल्यामुळे, अंदाजाने एकामागून एक भाग बदलीत बसण्याची सबब, माझ्या मते, तिच्या बाबतीत कोणत्याही मिस्त्रीला सांगता येणार नाही.

सर्वांत सार्वत्रिक तक्रार म्हणजे वेग साठाच्या घरात गेला की स्टिअरिंग थरथरते. मालकाचा संशय तत्काळ स्टिअरिंग बॉक्सवर जातो, तो खोलला जातो, पैसे खर्ची पडतात आणि थरथर कायम राहते. वास्तविक तपास बाहेरून आत जावयास हवा. विदर्भातील काळी चिकट माती रिमच्या आतल्या अंगास बसून वाळली, एवढ्यानेही चाकाचा तोल बिघडतो. म्हणून प्रथम चाके आतून धुवावीत, हवा पाहावी, आणि मगच जॅक लावावा. पुढचे चाक अधांतरी करून, त्याला वर व खाली धरून आलटून पालटून हलविले असता प्ले जाणवला, तर सोबत्याला ब्रेक दाबून धरावयास सांगावे: प्ले नाहीसा झाला तर चाकाची बेअरिंग सैल, तसाच राहिला तर दोष बहुधा किंगपिनचा. ह्या साध्या परीक्षेइतका निर्विवाद पुरावा मोटारविद्येत क्वचितच मिळतो.

दुसरी व्याधी पाण्याची. धावून तापलेला ॲक्सल नाल्याच्या थंड पाण्यात बुडताच आतली हवा आकुंचन पावते, आणि हवेच्या ये-जा करण्याची वाट, म्हणजे ब्रीदर, चिखलाने बुजलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी खालचा प्लग किंचित सैल करावा. पाणी जड, म्हणून तळाशी बसलेले तेच आधी ठिबकते. ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलणे भागच आहे, परंतु ब्रीदर साफ केल्यावाचून नवे ऑइल भरणे हा निव्वळ अपव्यय होय.

तिसरी तक्रार फोर-व्हील जोडून डांबरावर चालविल्याने उद्भवते. वळणात पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते, आणि जिप्सीत पुढील व मागील शाफ्टांच्या मध्ये हा फरक सोसणारे डिफरन्शियल नाही. चिखलात चाके घसरून तो फरक मिटवितात, डांबरावर मात्र तो शाफ्टांत ताण होऊन साचतो; स्टिअरिंग जड होते, टायर झिजतात, फोर-व्हीलचा दांडा अडकून बसतो, आणि चालक गिअरबॉक्स बिघडल्याची कैफियत घेऊन गॅरेजात येतो. तेथे पाना उचलण्याचे कारण नसते. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की ताण सुटतो, आणि बहुधा दांडा आपसूक निघतो.