प्रवासातील शिक्षण आणि परतीची वाट : पास्कोविट्झ कुटुंबाच्या गृहशिक्षणाचा विचार

बीजसंज्ञा : गृहशिक्षण, अनुभवाधिष्ठित शिक्षण, प्रवास, मूल्यमापन

प्रस्तावना :
शिक्षण ही केवळ शाळेच्या चार भिंतींत घडणारी प्रक्रिया नव्हे, हा विचार शिक्षणशास्त्रात आता रूढ झाला आहे. तथापि शाळा पूर्णतः वगळून प्रवास व तंबूतील मुक्काम यांनाच शिक्षणाचे माध्यम मानणाऱ्या कुटुंबांविषयी बहुधा कौतुकाच्या अथवा निषेधाच्या सुरातच बोलले जाते. अशा शिक्षणाचे सामर्थ्य कोणते आणि ते नेमके कोठे अपुरे पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एका मोठ्या कुटुंबाच्या उदाहरणाद्वारे केला आहे.

पार्श्वभूमी :
अमेरिकेतील आधुनिक गृहशिक्षण चळवळीला जॉन होल्ट या शिक्षकाच्या लेखनाने चालना मिळाली. 'हाउ चिल्ड्रन फेल' (१९६४) या ग्रंथात शाळेची चिकित्सा करणाऱ्या होल्ट यांचा शाळा सुधारण्यावरील विश्वास पुढे उडाला आणि १९७७ मध्ये त्यांनी 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केले. १९८० च्या दशकात धार्मिक कुटुंबे मोठ्या संख्येने या वाटेने आली. १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत गृहशिक्षणाला कायदेशीर मान्यता मिळाली. शासकीय सर्वेक्षणानुसार १९९९ मध्ये सुमारे साडेआठ लाख, तर २०१६ मध्ये सुमारे १७ लाख मुले घरी शिकत होती. यांतील अनेक कुटुंबे राष्ट्रीय उद्यानांत मुक्काम करून भूगोल, भूशास्त्र व इतिहास शिकवितात. उद्यान सेवेच्या 'ज्युनिअर रेंजर' उपक्रमात मूल निरीक्षणाची पुस्तिका पूर्ण करते, वनरक्षक ती तपासतो आणि मुलाला बिल्ला देतो.

पास्कोविट्झ कुटुंब :
ही चळवळ आकारास येण्यापूर्वीच डोरियन पास्कोविट्झ (१९२१–२०१४) यांनी हा प्रयोग आरंभिला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतलेल्या या डॉक्टरांनी स्थिरस्थावर व्यवसाय सोडून समुद्रकिनाऱ्यांवरील भटके जीवन पत्करले. पत्नी ज्युलिएट, आठ मुलगे आणि एक मुलगी अशा परिवाराचे घर म्हणजे सुमारे २४ फूट लांबीची एक गाडी. गरजेपुरते वैद्यकीय काम करावे, उरलेला वेळ मुलांसमवेत लाटांवर घालवावा, असा त्यांचा क्रम होता. पुस्तकी ज्ञानापेक्षा जीवनातील शहाणपण श्रेष्ठ, या धारणेतून त्यांनी मुलांना शाळेत घातले नाही. १९७२ मध्ये कुटुंबाने लाटारोहणाचे प्रशिक्षण शिबिर सुरू केले. डग प्रे यांच्या 'सर्फवाइज' (२००७) या माहितीपटात या जीवनाचे चित्रण आढळते.

सामर्थ्य व मर्यादा :
या शिक्षणाचे सामर्थ्य नाकारता येणार नाही. लाटेवर उभे राहण्यापूर्वी ती वाचावी लागते. वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटीची वेळ, तळाचा उतार यांचा मेळ क्षणार्धात घालावा लागतो आणि अंदाज चुकल्यास समुद्र तत्काळ उत्तर देतो. लहानशा जागेत अकरा माणसांनी नांदणे, हेही सहजीवनाचे कठोर शिक्षणच होय. या भावंडांपैकी एक जण व्यावसायिक लाटारोहक झाला आणि पुढे स्वमग्न मुलांना लाटांवर नेणारी संस्था त्याने उभारली.

परंतु माहितीपटात प्रौढ झालेल्या मुलांचा दुसराही स्वर ऐकू येतो. त्यांच्यापैकी एकाला वडिलांप्रमाणे डॉक्टर व्हायचे होते. मात्र त्यासाठी लागणारा शालेय पाया आपल्यापाशी नाही आणि तो घालण्यात कित्येक वर्षे जातील, हे त्याच्या ध्यानी आले. येथेच या प्रयोगातील विसंगती उघड होते. वडिलांनी पदवी मिळविल्यानंतर व्यवस्था सोडली होती, त्यामुळे तिचा आधार त्यांना केव्हाही घेता येत होता. मुलांना मात्र हा पर्याय मिळालाच नाही. ज्याच्या हाती काही आहे, त्यालाच त्याग करता येतो. मुलांच्या बाबतीत जे घडले, ते त्याग नसून वंचितता होती.

जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्ये मांडलेला विचार या संदर्भात उपयुक्त ठरतो. प्रत्येक अनुभव शिक्षणक्षम नसतो. जो पुढील विकासाची दारे उघडतो तोच शिक्षणक्षम, असे त्यांचे प्रतिपादन होते. या निकषावर लाट वाचण्याचा अनुभव अपुरा ठरतो तो त्यात ज्ञान नाही म्हणून नव्हे, तर त्या ज्ञानाला भौतिकशास्त्राच्या पुढील पायरीशी जोडणारा दुवा निर्माण झाला नाही म्हणून.

नोंद आणि मूल्यमापन :
हा दुवा कोणी निर्माण करावा, याविषयी अमेरिकेतील राज्यांत एकवाक्यता नाही. पेनसिल्व्हानियात १९८८ च्या कायद्यानुसार पालकांना वाचनाची नोंद व मुलाच्या कामाचे नमुने जतन करावे लागतात आणि पात्र परीक्षक दरवर्षी ते तपासतो. टेक्सासमध्ये अशी कोणतीही तपासणी नाही. पहिल्या पद्धतीत पालकांना जाच वाटू शकतो. दुसऱ्या पद्धतीत मुलाचे नुकसान उशिरापर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाही.

भारतात शिक्षण हक्क कायद्यात (२००९) गृहशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख नाही. मात्र राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमुळे शाळेबाहेर शिकलेल्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीच्या समकक्ष परीक्षा देऊन महाविद्यालयापर्यंत पोहोचता येते. असा विद्यार्थी प्रवेशासाठी आला असता त्याच्या गुणपत्रिकेबरोबरच त्याची टिपणवही पाहण्याची तयारी अध्यापकांनी ठेवणे इष्ट ठरेल.

समारोप :
प्रवास व मुक्कामातून मिळणारे शिक्षण खरे असते, परंतु ते आपोआप पूर्ण होत नाही. निरीक्षणाची नोंद, त्या नोंदीची त्रयस्थाकडून तपासणी आणि औपचारिक शिक्षणाकडे परतण्याची खुली वाट, या तीन गोष्टींची जोड त्याला हवी. पालकांना आपली वाट निवडण्याचा अधिकार आहे. मात्र ती निवडताना मुलांच्या वाटा बंद होणार नाहीत, हे पाहण्याचे उत्तरदायित्व त्यांना टाळता येत नाही.