दादासाहेबांच्या वाट्याचे नकार

नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने किती नकार पचवले, याची आठवण मात्र फारशी निघत नाही.

१९१२ साली फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले. विम्याच्या पॉलिसी आधीच गहाण होत्या आणि हिंदुस्थानात सिनेमा बनू शकतो यावर सावकारांचा विश्वास नव्हता. फाळक्यांनी वाद घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर दाण्याचा बघता बघता वेल झाला, तेव्हा कुठे पैसा उभा राहिला.

पुढचा नकार ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीच्या भूमिकेला. एकही स्त्री कॅमेऱ्यासमोर यायला तयार होईना. घरी साऱ्या युनिटचा स्वयंपाक आणि फिल्मला भोके पाडण्याचे काम सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईही नाही म्हणाल्या. अखेर ग्रँट रोडच्या एका खाणावळीतले आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी नाशिकला बस्तान हलवले आणि ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या!

सगळ्यात खोल जखम परक्यांनी केली नाही. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली, पण भागीदारांशी पटेना. फाळके राजीनामा देऊन सहकुटुंब काशीला निघून गेले. तिथेही हात स्वस्थ नव्हते, ‘रंगभूमी’ हे नाटक त्यांनी तिथेच लिहिले. ‘संदेश’कार अच्युत बळवंत कोल्हटकरांनी परत येण्याची गळ घातली, तेव्हा सिनेमापुरते आपण मेलो आहोत, असे फाळक्यांनी कळवले. कोल्हटकर मोठे धूर्त संपादक. त्यांनी ते पत्र फाळके वारल्याच्या मथळ्याखाली छापून टाकले. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. नाटक रंगमंचावर फारसे चालले नाही, पण फाळके नाशिकला, त्याच कंपनीत परतले. रुसलेला कलावंत असा माघारी येतो, तेव्हा त्याला किती गिळावे लागले असेल!

मग १९३१ साली ‘आलमआरा’ हा बोलपट आला आणि मूकपटांचा बाजारच बसला. तरी १९३७ साली, सदुसष्टाव्या वर्षी, फाळक्यांनी कोल्हापुरात ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव बोलपट पुरा केला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपट काढायला सरकारची परवानगी लागे. नाशिकच्या घरून, थकलेल्या देहाने त्यांनी त्यासाठीही अर्ज केला. उत्तर नकाराचे आले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच ते गेले.