जांघेतील खाज आणि दुकानातले मलम

बंगळूरची हवा सौम्य म्हणून नावाजलेली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या नगरात मुंबईसारख्या घामाच्या धारा लागत नाहीत. तरीही जांघ, कंबर व गुह्यभाग यांच्या खाजेने हैराण झालेले रुग्ण तेथील त्वचारोगतज्ज्ञांकडे नित्य येतात. त्याचे कारण नगराच्या हवेत शोधून उपयोग नाही. मनुष्य आपल्या वस्त्रांखाली स्वतःचे निराळेच हवामान निर्माण करीत असतो. घट्ट विजार, कृत्रिम धाग्याचे अंतर्वस्त्र, आणि वाहनांच्या गर्दीत दुचाकीवर किंवा कारखान्यात शिलाई यंत्रापुढे बसून काढलेले तास, एवढे जमून आले की जांघेच्या घडीत कोकणातला आषाढ अवतरतो.

त्या उबदार ओलाव्यात वाढणारी बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरात आपला संसार मांडते. तेथील केराटिन नावाचे प्रथिन हे तिचे अन्न. ती मध्यापासून बाहेर पसरत जाते. म्हणून मध्यभाग निवळतो आणि कडा मात्र लाल, उंचावलेली व खवलेदार राहते. हेच गजकर्ण किंवा नायटा. कानडीत यास हुळुकड्डी असेही म्हणतात. हुळु म्हणजे किडा. इंग्रजी नावातही किडाच आहे. प्रत्यक्षात किड्याचा या रोगाशी काडीचाही संबंध नाही.

अर्थात या भागातील प्रत्येक खाज गजकर्णाची नसते. कँडिडा नावाची दुसरी एक बुरशी स्त्रियांच्या योनिमार्गात दाह उत्पन्न करते. तीव्र खाज सुटते आणि दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव जातो. पुरुषांत तिच्यामुळे शिश्नमणी लाल होतो. असा त्रास वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासणे अगत्याचे ठरते, कारण कित्येकदा मधुमेहाची पहिली वर्दी येथूनच मिळते. खाज रात्री वाढत असेल व घरातील इतरांनाही सुटली असेल तर खरजेचा संशय घ्यावा. जंतुनाशक साबणाने दिवसातून चार वेळा धुण्याच्या अतिरेकानेही त्वचा भाजल्यासारखी होते. व्रण, फोड किंवा पू दिसल्यास मात्र लैंगिक संसर्गाची तपासणी टाळू नये.

हे भेद डॉक्टरास सहसा पाहताक्षणी कळतात. संशय राहिल्यास कडेवरचे खवले खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे तंतू काही मिनिटांत दिसू लागतात. अडचण तपासणीची नसून डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची आहे. बंगळूरच्या व्हिक्टोरिया रुग्णालयात आणि शिवाजीनगरातील बौरिंग रुग्णालयात त्वचारोगविभाग आहेत; पण अशा विभागांच्या दारात आपणास कोणी पाहील, या भीतीने माणसे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाकडे वळतात. आपल्या भाषेतील ‘गुप्तरोग’ या शब्दाने या बाबतीत बरेच नुकसान केले आहे.

बाजारातील औषधांचा हा मोह नवा नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची भुकटी मिळत असे. ती ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातून निघे आणि पोर्तुगीजांच्या व्यापारमार्गाने गोव्यास येई. ती कातडीची आग करी, कपड्यांवर डाग पाडी. पण गुणही देई.

आज दुकानातून मिळणाऱ्या मिश्र मलमाची गोष्ट नेमकी उलट आहे. त्यात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड अशी तीन औषधे एकत्र केलेली असतात. आग होत नाही. दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते. हा गुण स्टेरॉइडचा असतो. ते शरीराची प्रतिकारक्रिया दडपते, आणि पहारा उठताच बुरशी निर्धास्तपणे पसरू लागते. मलम थांबवले की खाज दुप्पट जोराने उसळते; रुग्ण पुन्हा तीच नळी आणतो. कालांतराने कड्याचा आकार बिघडून रोग ओळखू येईनासा होतो. १९६८ साली आइव्ह व मार्क्स या दोघांनी अशा वेषांतर केलेल्या गजकर्णाचे वर्णन केले होते. जांघेतील नाजूक त्वचा पातळ होऊन तीवर पडणाऱ्या ताणरेषा तर जन्मभर जात नाहीत. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावावयाच्या चौदा स्टेरॉइडांचा अनुसूची ‘एच’मध्ये समावेश केला. अशा अनुसूचीतील औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाही. तथापि कागदावरचा नियम आणि दुकानातला व्यवहार यांत अंतर आहे.

दरम्यान बुरशीही बदलली. २०२० साली जपानमधील संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांपासून मिळालेल्या बुरशीस ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या पेशीपटलास लागणारे द्रव्य बनविणाऱ्या एका विकरास अडविते. या जातीच्या पुष्कळ नमुन्यांत त्या विकराची घडणच बदललेली असल्याने औषध लागू पडत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांतही ती आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तिच्या फैलावास मिश्र मलमांचा हातभार लागला असावा, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

यावर उपचार नाही असे मात्र नव्हे. स्टेरॉइड नसलेले बुरशीनाशक मलम चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे लागते, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवावे लागते. रोग पसरलेला वा जुना असेल तर इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या कित्येक आठवडे घ्याव्या लागतात. त्या यकृतावर परिणाम करू शकतात व गर्भवतीस देत नाहीत, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्या. अंग पुसून पूर्ण कोरडे करावे, सैल सुती कपडे वापरावेत, पंचा प्रत्येकाचा वेगळा ठेवावा. घरात आणखी कोणास खाज असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी सुरू करावा. नाहीतर एकाची बुरशी दुसऱ्याकडे फिरत राहते.