प्रागैतिहासिक स्त्रीमूर्तींची साक्ष

आदिमानव प्रथम एका महामातेची उपासना करीत असे, त्या काळी समाजात स्त्रियांची सत्ता होती आणि पुढे इब्री लोकांच्या एकेश्वरी धर्माने ती उपासना मोडून काढली, असे मत सुशिक्षित श्रोत्यांकडून धर्मगुरूंच्या व धर्मशिक्षकांच्या कानी येते. त्याला आधार म्हणून उत्खननांत सापडलेल्या स्त्रीमूर्ती दाखविल्या जातात. या मूर्ती खरोखर काय सांगतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, मातृसत्तेची कल्पना मूर्तींवरून निघालेली नाही. योहान याकोब बाखोफेन या स्विस कायदेपंडिताने ती १८६१ साली प्राचीन ग्रीक व रोमन कथा-परंपरांच्या आधारे मांडली. पुढे मूर्ती सापडत गेल्या आणि या तयार चौकटीत बसविल्या गेल्या.

तुर्कस्तानातील चाताल ह्युयुक या नवाश्मयुगीन वसाहतीचे उदाहरण घेऊ. इ. स. पूर्व सुमारे ७१०० ते ६००० या काळात येथे वस्ती होती. जेम्स मेलार्ट यांना १९६१ साली धान्याच्या कोठीत भाजलेल्या मातीची एक मूर्ती मिळाली: दोन बिबट्यांच्या मस्तकांवर हात ठेवून बसलेली स्थूल स्त्री. तिच्यात त्यांना मातृदेवता दिसली. मात्र १९९३ ते २०१८ या काळात इयन हॉडर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननात निराळे चित्र पुढे आले. तेथील लहान मूर्तींपैकी बहुसंख्य पशूंच्या आहेत आणि पुष्कळशा घरांलगतच्या उकिरड्यांत टाकलेल्या आढळल्या. कोठीतील मूर्तीला विशेष अर्थ असेलही. तथापि एका मूर्तीवर सबंध धर्म उभा करता येत नाही.

स्त्रियांच्या स्थानाविषयी अधिक भरवशाची साक्ष दिली ती अस्थींनी. स्त्री-पुरुषांच्या आहारात फारसा भेद नव्हता, असे अस्थींच्या रासायनिक परीक्षणावरून दिसते. घरांच्या जमिनीखाली पुरलेल्यांच्या आनुवंशिक परीक्षणाचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार एका घरातील मृतांचे नाते बहुधा आईकडून जुळते आणि मुलींच्या दफनांत मुलांच्या दफनांपेक्षा अधिक वस्तू ठेवलेल्या आढळतात. म्हणजे मुली आपल्या घराशी जोडलेल्या राहत. परंतु मातृवंश म्हणजे मातृसत्ता नव्हे, आणि मातृदेवतेची उपासना तर नव्हेच.

यावरून प्रवचनकाराने दोन मोह टाळावेत. प्रत्येक मूर्तीत देवी पाहणे हा एक. प्रत्येक मूर्तीला मूर्तिपूजेचे चिन्ह ठरवून तिचा धिक्कार करणे हा दुसरा. खोटी साक्ष न देण्याची आज्ञा मृतांच्या बाबतीतही लागू आहे. त्या समाजात स्त्रीला मान होता, हे स्वीकारण्यात आपल्या श्रद्धेची काहीच हानी नाही. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात नर व नारी ही दोघेही देवाच्या प्रतिरूपाची आहेत, आणि यशया ६६:१३ मध्ये देव स्वतःच्या सांत्वनाला आईची उपमा देतो. महामातेविषयी विचारणाऱ्या श्रोत्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला ही दोन वचने दाखवावीत आणि मूर्तींविषयी जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगावे.